मोसंबीचा देश : आपल्या यादीतली पोर्तुगीज

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात भाषाविज्ञानाचा पेपर शिकवताना ‘शब्दांची उसनवारी’ या घटकापाशी एक यादी फळ्यावर येतेच येते. वर मथळा ‘पोर्तुगीज शब्द’ आणि खाली बटाटा, पाव, कोबी, पगार, चावी, बादली, साबण, लिलाव, तुरुंग. विद्यार्थी ती उतरवून घेतात, परीक्षेत पाच गुणांच्या टिपेत ती जशीच्या तशी परत येते आणि आपण फारसी-अरबी शब्दांकडे वळतो. गेली पंधरा-सोळा वर्षे मीही हेच करीत आले. एका वर्षी मात्र अंतरवाली सराटीहून रोज येऊन-जाऊन शिकणारी एक विद्यार्थिनी यादी अर्धी उतरवून थांबली. म्हणाली, “मॅडम, आमच्या घरात बटाटा कोणीच म्हणत नाही, आलूच म्हणतात. मग हे शब्द मराठीत आले म्हणजे नेमके कोणाच्या मराठीत आले?” आणि खाली बसता बसता तिने आणखी एक शंका टाकली, “अन् मोसंबी या यादीत काहून नाही?”

तिच्या ‘काहून’ला मागच्या बाकावर कोणीतरी हसले. तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी मला नीट देता आली नाहीत. पुढे लिहिले आहे ते त्या उत्तरांच्या शोधात हाती लागले ते.

अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातले, वडीगोद्रीच्या बाजूचे, गोदावरीच्या खोऱ्यातले गाव. २०२३ सालच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने ते महाराष्ट्रभर ठाऊक झाले आणि तेव्हा आम्हा भाषेच्या माणसांना एक निराळीच गंमत पाहायला मिळाली. कोणी ‘अंतरवाली’ लिहीत होते, कोणी ‘आंतरवाली’. आपल्याच गावाच्या नावाचा पहिला स्वर कोणता यावर मुंबईहून आलेली माणसे आपल्याला दुरुस्त करतात, असे ती विद्यार्थिनी मला एकदा हसत सांगत होती. पोर्तुगिजांचा या मुलखाशी राज्यकर्ते म्हणून कधीच संबंध आला नाही. इथे निजामशाही होती, मग मोगल, मग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबादचे निजाम. समुद्र कित्येक दिवसांच्या वाटेवर. तरीही जालना जिल्ह्याची ओळख ज्या फळाने झाली आणि ज्याला ‘जालना मोसंबी’ म्हणून भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, त्या फळाच्या नावातच एक पोर्तुगीजभाषक देश बसलेला आहे. मोसंबी म्हणजे मोझांबिकची, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे मानली जाते.

फळ मुळात मोझांबिकचे नाही. गोड संत्र्याच्या या कुळाचा उगम वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण चीन आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यात शोधतात. मग नावात मोझांबिक का? याचे उत्तर पोर्तुगिजांच्या जलमार्गात आहे. लिस्बनहून निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून मोझांबिक बेटाशी थांबत, तेथे पाणी, अन्न आणि वाऱ्याची वाट पाहत आणि मग गोव्याकडे येत. वास्को द गामा १४९८ च्या मार्चमध्ये त्या बेटावर होता आणि मे महिन्यात कालिकतला. इतकेच नव्हे, १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. आज आपण नकाशात ज्या दोन जागा दोन खंडांत पाहतो त्या अडीचशे वर्षे एकाच कचेरीच्या दप्तरात होत्या. त्या वाटेने येणाऱ्या मालाला वाटेवरच्या बंदराचे नाव चिकटावे यात नवल नाही. अरबीत संत्र्याला ‘बुर्तुकाल’ म्हणतात, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, म्हणजे सरळ पोर्तुगालच. पोर्तुगीज स्वतः मात्र त्याला ‘लारांजा’ म्हणतात, आणि तो शब्द अरबी-फारसीतून मागे मागे नेला की आपल्या संस्कृत ‘नारंग’पाशी येऊन थांबतो. एका फळाला पोर्तुगिजांनी आपले नाव दिले, आपण त्याला त्यांच्या वसाहतीचे दिले आणि त्यांनी त्याला आपले! उसनवारीची यादी दोन रकान्यांत मांडली की हे सारे हातातून निसटते.

आता तिच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. ‘पोर्तुगीज’ असे आपण एकवचनात लिहितो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे गोवा असतो, फार तर वसईचा किल्ला. माझ्या वर्गात मी विचारले, पोर्तुगीज कोठे बोलतात? उत्तरे आली ती गोवा आणि पोर्तुगाल. एका मुलाने फुटबॉलच्या कृपेने ब्राझील सांगितले. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द, साओ तोमे, पूर्व तिमोर ही नावे कोणालाच सुचली नाहीत. मलाही विद्यार्थिदशेत सुचली नसती. आज पंचवीस कोटींहून अधिक लोक ही भाषा बोलतात आणि त्यांतले वीस कोटींहून अधिक एकट्या ब्राझीलमध्ये आहेत. खुद्द पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम एक कोटी आहे. म्हणजे आपल्या ‘मूळ’ भाषेचे घर तिच्या शाखेच्या वीसपट लहान. पाउलो कोएलो यांची ‘द अल्केमिस्ट’ मराठी अनुवादात वाचलेले कितीतरी विद्यार्थी मला भेटतात. ती मूळ पोर्तुगीजमध्ये, आणि तीही ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये, १९८८ साली आली हे त्यांना सांगितले की ते चकित होतात. इंग्रजी नावामुळे ती इंग्रजी कादंबरी आहे असाच त्यांचा समज असतो.

ही भाषा देशोदेशी किती वेगळी झाली आहे याची उदाहरणे आपल्याच ताटातून देता येतात. अननस हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, त्यांनी तो दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांतून घेतला. पोर्तुगालमध्ये तो आजही ‘अनानाश’ आहे, पण ब्राझीलच्या बाजारात त्या फळाचे रोजचे नाव ‘आबाकाशी’, आणि तेही तुपीच. पपईचे तसेच. लिस्बनमध्ये ‘पापाया’, ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘मामांव’. पेरू या शब्दाचे मूळ कोणी पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती या शब्दात शोधतात, कोणी पेरू देशात. पण पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हटले की समोर येते टर्की हे पाखरू! रेल्वेगाडी पोर्तुगालमध्ये ‘कोंबोयु’, ब्राझीलमध्ये ‘त्रें’. बस लिस्बनमध्ये ‘औतोकार्रु’, ब्राझीलमध्ये ‘ओनिबुस’, आणि मापुतो-लुआंडाकडे ‘माशिंबोंबु’. शेंडेफळाला ब्राझीलमध्ये ‘कासुला’ म्हणतात आणि तो शब्द अंगोलातल्या किंबुंदू भाषेचा आहे. गुलामांच्या जहाजांतून तो अटलांटिकपार गेला. ‘शुभ रात्री’ म्हणताना लिस्बनचा माणूस शेवटचा स्वर जवळजवळ गिळून टाकतो, तर रिओ किंवा साओ पावलोचा माणूस त्या ‘ते’चा ‘ची’ करतो.

संबोधनाचा भाग तर मराठी माणसाला विशेष जवळचा वाटेल. ब्राझीलच्या मोठ्या भागात ‘व्होसे’ हे सर्रास ‘तू’च्या जागी वापरले जाते. पोर्तुगालमध्ये घरात, मित्रांत ‘तू’ चालते, परक्या वडीलधाऱ्याला ‘ओ सेन्योर’, ‘आ सेन्योरा’ म्हणायचे आणि तेथे एखाद्याला उघड ‘व्होसे’ म्हटले तर ते अनेकांना खटकते. पुण्याच्या घरात वडिलांना ‘तुम्ही’ आणि आमच्याकडे आईला ‘तू’, सासऱ्याला ‘तुम्ही’, परक्या अधिकाऱ्याला ‘साहेब, आपण’ हे व्याकरण ज्याला ठाऊक आहे त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

मग आपल्या मराठीत आलेली पोर्तुगीज यांपैकी कोणती? ‘चावी’ हा शब्द घ्या. मूळ पोर्तुगीज शब्दाचा उच्चार आज लिस्बनमध्ये ‘शाव्’ असा होतो आणि ब्राझीलमध्ये ‘शावी’. मग आपल्याकडे ‘च’ आला कोठून? सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजमध्येच त्या ठिकाणी ‘च’ होता. पुढे दक्षिण पोर्तुगाल आणि राजधानीच्या बोलीत त्याचा ‘श’ झाला आणि तोच प्रमाण ठरला. उत्तर पोर्तुगालच्या डोंगराळ भागातल्या बोलींनी ‘च’ सांभाळला. कोकणीत टोपीला ‘चेपें’ म्हणतात तेही ‘शापेउ’ या आजच्या उच्चारावरून नव्हे, त्याच्या जुन्या उच्चारावरून. याचा अर्थ असा की आपल्या कुलपाच्या किल्लीत सोळाव्या शतकातल्या खलाशाचा उच्चार शिल्लक आहे, जो लिस्बनने केव्हाच टाकून दिला. ‘इंग्रज’ आणि ‘वलंदेज’ हेही असेच. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांची जी नावे घेतली आहेत त्यांत ही दोन्ही आहेत आणि दोन्हींच्या शेवटचा ‘ज’ पोर्तुगीज ‘इंग्लेज़’, ‘ओलांदेज़’चा. आपण इंग्रजांना आणि डचांना पहिल्यांदा ओळखले ते पोर्तुगिजांच्या तोंडून. लिस्बनला आज तो अंत्य ध्वनी ‘श’सारखा होतो, आपला ‘ज’ तसाच.

‘पगार’ मला याहून बोलका वाटतो. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ हे क्रियापद आहे, ‘देणे, चुकते करणे’. महिन्याच्या वेतनाला तेथे ‘सालारियु’ किंवा ‘ओर्देनादु’ म्हणतात. क्रियापदाच्या मूळ रूपाचे नाम कसे झाले? माझा तर्क असा, की हा शब्द आपल्याकडे व्याकरणाच्या पोर्तुगीजमधून आला नसून गोदीतल्या, छावणीतल्या मोडक्या पोर्तुगीजमधून आला, जिथे काळ-वचन-पुरुष न लावता क्रियापद नुसते उच्चारले जाते आणि बोटाने हिशेब दाखवला जातो. ‘तुरुंग’ही पुस्तकी नाही. ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचा बुंधा. लाकडाच्या ज्या ओंडक्यात कैद्याचे पाय अडकवत तो ओंडका. आणि आशियातल्या पोर्तुगीजमध्ये त्यावरून कैदखाना. ब्राझीलमध्ये हाच शब्द गुलामांना जखडण्याच्या साधनासाठी होता. एकाच ओंडक्याच्या या दोन सावल्या आहेत. यादीतल्या ‘साबण’बद्दल मात्र मी आता वर्गात जपून बोलते, कारण अरबी ‘साबून’चा दावाही तितकाच बळकट आहे.

हे जे मोडके, मिसळलेले पोर्तुगीज म्हणते आहे ते काल्पनिक नाही. ते आजही महाराष्ट्रात बोलले जाते आणि आपल्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख नसावा याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, रेवदंड्यासमोर खाडीपलीकडे कोर्लई आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि १७४० मध्ये चौल-कोर्लईचा मुलूखही मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारे धर्मांतरित गरीब ख्रिस्ती मागे राहिले. धर्माने ते शेजारच्या हिंदूंपासून वेगळे, जातीने वरच्या ख्रिस्त्यांपासून वेगळे. या दुहेरी कुंपणात त्यांची भाषा टिकली. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. अमेरिकन भाषावैज्ञानिक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या भाषेवर आख्खा ग्रंथ लिहिला. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत, पण वाक्याचा सांगाडा मराठी झाला आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. जवळजवळ तीनशे वर्षे शेजारी मराठी बोलली जात होती, तिने शब्दांना धक्का न लावता क्रम बदलून टाकला. आपण उसनवारीच्या घटकात फक्त घेतलेले मोजतो. मराठीने पोर्तुगीजला काय दिले याचे उत्तर कोर्लईच्या वाक्यरचनेत आहे.

या बोलींकडे विद्वानांचे लक्ष नव्हते असे नाही. ग्राझचे ह्यूगो शुखार्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीव, कोची, मंगळूर इथल्या इंडो-पोर्तुगीजवर लिहीत होते. आणि आपल्याच गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु (१८५५-१९२२) यांनी गोव्याच्या पोर्तुगीज बोलीवर १९०० मध्ये, दमणच्या बोलीवर १९०३ मध्ये आणि मुंबई-वसई-चौल पट्ट्याच्या ‘उत्तरेच्या’ बोलीवर १९०६ मध्ये स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केले. म्हणजे आपण ज्याला एकच ‘पोर्तुगीज’ म्हणतो त्याचे नुसत्या पश्चिम किनाऱ्यावरच तीन वेगळे नकाशे शंभर वर्षांपूर्वी एका गोवेकराने काढून ठेवले होते. १९१३ मध्ये कुइंब्रा येथून आलेल्या त्यांच्या ग्रंथात सुमारे पन्नास आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द आहेत. त्याचा इंग्रजी अनुवाद १९३६ मध्ये बडोद्याहून निघाला. आमच्या याद्यांतले पुष्कळसे शब्द तेथे केव्हाच नोंदलेले आहेत, आणि तेथे प्रत्येक शब्द कोणत्या भाषेत कोणत्या रूपात सापडतो हेही दिले आहे. आपण शब्द ठेवले आणि नकाशा गाळला.

उलट दिशेने पाहिले की अधिकच ओशाळल्यासारखे होते. १७७८ मध्ये रोमच्या प्रोपागांदा फिदेच्या छापखान्यात एक पोर्तुगीज भाषेतले मराठी व्याकरण छापले गेले. त्याच्या नावातच लिहिले आहे की निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत सर्वसामान्यपणे चालणारी मराठी ती ही. नाव छापले गेले तेव्हा ती दोन्ही राज्ये बुडून नव्वदहून अधिक वर्षे उलटली होती हे खरे. पण कोणती मराठी, कोणत्या मुलखातली, हे पहिल्या पानावर सांगितले पाहिजे याची जाण त्या मिशनऱ्याला होती. फादर स्टीफन्सचे तर काय सांगावे! जन्माने इंग्रज, त्याने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले, ते १६४० मध्ये रायतूरला छापले गेले, आणि क्रिस्तपुराण रचले ते मराठीत. कोणत्या कामाला कोणती भाषा याचा त्याला कधी घोटाळा झाला नाही. त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. फर्मान कागदावर राहिले, कोकणी घरात.

मोझांबिकचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण मोसंबी त्याच्या नावाने आपल्याकडे विकली जाते. १९७५ च्या जूनमध्ये तो देश स्वतंत्र झाला आणि स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या पक्षाने राज्यकर्त्यांचीच भाषा राजभाषा म्हणून ठेवली. माखुवा, चांगाना, सेना अशा अनेक भाषांच्या देशात कोणा एकीला निवडता आले नाही. २०१७ च्या जनगणनेत पोर्तुगीज ही मातृभाषा असलेले लोक सुमारे १७ टक्के होते. बाकीच्यांसाठी ती शाळेत मिळते. त्या शाळेतल्या, बाजारातल्या पोर्तुगीजमध्ये बांतू भाषांतले शब्द बिनदिक्कत येतात, आणि मिया कोउतो यांनी ‘तेर्रा सोनांबुला’ (१९९२) पासून तीच भाषा कादंबरीत आणली, शब्द जोडून-तोडून, लिस्बनला विचारायला न जाता. २०१३ मध्ये त्यांना पोर्तुगीज साहित्यातला कामोंइश पुरस्कार मिळाला.

माझ्या त्या विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी अंबड तालुक्यातल्या मोसंबीच्या बागांचा शब्दसंग्रह घेतला. आंबे बहार, मृग बहार, झाड ताणावर सोडणे, फळगळ हे तर त्यात होतेच. २०१२-१३ च्या दुष्काळात बागा कशा जळाल्या आणि टँकरच्या पाण्यावर झाडे कशी जगवली याच्या आठवणी तिने घरातल्या बायकांकडून लिहून घेतल्या होत्या. त्या आठवणी वाचताना मी पेन्सिलीने खुणा करीत गेले. टँकर इंग्रजी, पण पाणी ज्यात साठवले ते ‘पिंप’ पोर्तुगीज ‘पिपा’चे, ज्याने झाडाला घातले ती ‘बादली’ ‘बाल्दी’ची, आणि रोजगार हमीच्या कामावर ज्यात माती वाहिली ते ‘घमेले’ ‘गामेला’चे. ब्राझीलच्या खेड्यात ‘गामेला’ म्हणजे अजूनही लाकडाची परात. आलू आणि जाम म्हणणाऱ्या, बटाटा आणि पेरूला परक्या असलेल्या या घरांत पोर्तुगीज आली नव्हती असे नाही. ती स्वयंपाकघरातून न येता कष्टाच्या वाटेने आली होती. आमच्या यादीत पाव आणि कोबी होते, घमेले नव्हते. यादी कोणी केली हे त्यावरून कळते.

प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे गेला आणि परत आला तेव्हा ‘आलू’, ‘जाम’ आणि प्रस्तावनेतला एक ‘काहून’ लाल शाईने अधोरेखित होते. समासात लिहिले होते, ‘प्रमाणभाषा पाहावी’. घमेल्याच्या व्युत्पत्तीवर शेरा नव्हता. तोंडी परीक्षेला तिने शांतपणे सांगितले की ते शब्द मुलाखत दिलेल्या बायकांचे आहेत आणि प्रस्तावनेतला तिचा स्वतःचा आहे. तिला पास केले गेले.

यंदा मी फळ्यावर यादी लिहिण्याआधी वर्गात तीन आवाज ऐकवले. बातम्याच, एक लिस्बनची, एक साओ पावलोची, एक मापुतोची. अर्थ कोणालाच कळणार नव्हता; नुसते ऐका आणि कोणत्या आवाजातले शब्द सुटे सुटे ऐकू येतात ते लिहा, एवढेच सांगितले. लिस्बनचा आवाज कोणालाच धरता आला नाही, स्वर कोठे जातात तेच कळेना. साओ पावलोचा गाण्यासारखा वाटला. मापुतोच्या बातमीतून मात्र मुलांनी भराभर शब्द वेगळे करून कागदावर देवनागरीत मांडले, आणि घोणशीच्या एका मुलाने विचारले की ही बाई मराठवाड्याची तर नाही ना. मग आम्ही मोसंबीपासून सुरुवात केली.